सरकारी आड

सांगतो. पण दात काढायचे असतील तर आताच काढून घ्या. मधे मधे खी-खी केलेली मला खपत नाही. अख्खं गाव इतकी वर्षं हसत आलंय माझ्यावर, तुमची काय नवाई?

अहो, सरकारकडून काम मंजूर करून आणलं मी! मी, ज्याची शाळा पाटी फुटली त्या दिवशी संपली! अन् ते काम आजही उभं आहे. उभं आहे हीच तर रड आहे. ते खोल असायला पाहिजे होतं.

निजामाचं राज होतं तेव्हा. आमचं गाव नरशीच्या अलीकडं, माळावर. माळ म्हणजे नुसता खडक. कुदळ मारली तर ठिणगी निघायची, पाणी नाही. गावानं दोनदा आड खोदून पाहिला. दहा हातांवर काळा पाषाण लागला अन् गडी कुदळी टाकून घरी गेले. पाषाण फोडायला सुरुंग लागतात, अन् सुरुंग सरकारच्या हातात. मग प्यायचं पाणी कुठलं? खाली नाल्यातल्या झऱ्याचं. उतरताना अर्धा कोस, चढताना दीड. हसू नका म्हटलं ना! डोक्यावर दोन घागरी घेऊन चढून बघा, मग मोजा.

माझी बायको गोदा त्याच चढावर घसरली. घागरी गडगडत नाल्यापर्यंत गेल्या अन् गुडघ्याची वाटी सरकली ती सरकलीच. तरी दिवसाला चार खेपा होत्याच. एक पाय टाकायची, एक ओढायची. मी काय करायचो? मी पारावर बसून हळहळायचो. गडी माणसानं घागर उचलली तर लोक काय म्हणतील? तेव्हा तसंच होतं. आता तुम्ही माझ्याकडं असं बघू नका.

तर एक दिवस दवंडी आली. हैदराबादच्या कौन्सिलातले मेंबरसाहेब दौऱ्यावर येऊन राहिले. आमराईत तंबू पडणार. आजूबाजूच्या प्रत्येक गावानं एक माणूस पाठवायचा, त्यानं आपल्या गावासाठी एकच काम मागायचं. त्या सगळ्यांतून मेंबरसाहेब दोन कामं निवडणार अन् वर खजिन्याकडं शिफारस करणार.

या मेंबराला आम्ही निवडून दिलं होतं का? कसलं काय! वरूनच नेमलेला. आमच्या वतीनं बोलणारा माणूस म्हणे. त्याला आमच्या गावाचं नाव ठाऊक नव्हतं अन् आम्हाला त्याचं तोंड.

आता जायचं कोणी? पाटलाला साहेब दिसला की दरदरून घाम फुटायचा. मीच उठलो. काहून? तर मला उर्दू येत होती!

कशी येत होती तेही ऐका. हिंगोलीच्या छावणीत एका दरोग्याच्या घोड्याला खरारा करत मी सात महिने काढले होते. दरोगा माझ्याशी एक अक्षर बोलायचा नाही, घोड्याशी बोलायचा. जे घोड्याला कळलं ते मलाही कळलं. एवढी माझी उर्दू. पण गावात तेवढीही कोणाला नव्हती. होती फक्त रामा शिंप्याला. तो बाजारोबाजार फिरायचा, पठाण-मोमीन सगळ्यांचे कुडते शिवायचा. पण त्याला कोण विचारतो?

तो आपणहून आला आमच्या ओसरीवर. पाटील बसलेला, चार माणसं बसलेली, गोदा आत चुलीशी.

"गनपा," रामा म्हणाला, "काय मागनार?"

"आड. दुसरं काय?"

"तिकडं आड म्हनू नको गड्या. ते लोक बावली म्हनतात."

"बावळी?" मी मोठ्यानं म्हणालो. आत ऐकू जाईल असं. "एक बावळी हाय की घरात! आनिक एक मागून काय करू?"

ओसरी फुटली हसून. पाटलानं तर मांडी थोपटली. आत गोदानं तव्यावरची भाकरी उलटली, जरा जोरात. बोलली काही नाही. बायका बोलत नाहीत तेव्हा त्या विसरत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं.

रामा चिवट. "बरं, बावली नको तर इहीर म्हन. इहीर समद्यांना कळती."

"इहीर म्हंजी मोटंची! साहेबानं इहीर दिली तर ती पाटलाच्या मळ्यात खंदतील." पाटील एकदम जमिनीकडं बघायला लागला. "पेयाच्या पान्याचा असतो त्यो आड. आड म्हंजी आड!"

"आरं पर उर्दूत आड म्हंजी..."

"तू मला उर्दू शिकवतो? म्या छावनीत शिकलो. तू कुटं शिकला, सुईच्या नाकात?"

"मी संगं येऊ का?"

"तू काजं कर. बटनं लाव. ह्ये सरकारी काम हाय."

आजही कधी सदऱ्याचं बटण लावताना मला ते वाक्य आठवतं अन् बटण तुटेस्तोवर ओढावंसं वाटतं.

निघताना मी गोदाला म्हणालो, "दिवाळीला दारात पानी. मोजून चार खेपा वाचवतो तुझ्या."

ती म्हणाली, "आदी दोन शब्द नीट बोला म्हंजी झालं."

आमराईत गेलो. तंबू काय, गालिचा काय, लोड काय! मेंबरसाहेब लोडाला टेकून पान चघळत होते. बाजूला मुन्शी, मांडीवर कागद. मुन्शी खास शहरातला, मराठीचं वावडं. पण सकाळपासून जो तो इहीर-इहीर करत होता, त्यामुळं तेवढा एक शब्द त्याला पाठ झाला होता.

एक गाव उठलं: "इहीर पायजे सरकार."

मुन्शी: "बावली, हुजूर."

दुसरं गाव उठलं. "बावली, हुजूर." तिसरं. "बावली." मेंबरसाहेबांचं तोंड कडू होत चाललं. पाचव्या गावाला त्यांनी पिचकारी मारली अन् कडाडले, "फिर बावली! यादी ऊपर गई तो लोगां क्या बोलेंगे? मेंबरसाब कू बावली के सिवा कुछ आताच नई?"

बघा, इथं शहाणा माणूस काय समजला असता? की रामा शिंपी खरं सांगत होता; बावली म्हणजे विहीरच. मलाही ते समजलं! खोटं का बोलू? पण मी काय म्हणालो मनात? म्हणालो, गनपा, या शब्दानं साहेब भडकून राहिला. बरं झालं आपण दुसरा शब्द आणला!

माझ्या आधी शेजारच्या तांड्याचा हरजी नाईक उठला. त्याची बोली गोरमाटी, मराठी तोडकीमोडकी, उर्दू तर रामराम. मी शेजारच्याला कोपरानं ढोसलं, आता बघ गंमत. हरजी तंबूच्या मधोमध उभा राहिला. तोंड उघडलंच नाही त्यानं. दोन पाय फाकवले, खाली वाकून बघितलं, अन् हवेतला दोर ओढायला लागला. हात-हात दोर! मधेच थांबून कपाळाचा घाम पुसला. मग हवेतला पोहरा वर आणला, ओंजळ धरली, गटागटा प्यायला अन् ढेकर दिला.

मेंबरसाहेब हसले की हो! पानाचा ठसका लागेपर्यंत हसले. "लिखो, लिखो! एक बावली इसकी लिखो. बाकी सब काटो."

पाच गावांच्या विहिरी अशा कापल्या गेल्या. एका ढेकराखाली. कोणाकडं पाणी किती लांब, कोणाची बाई कुठं घसरली, मुन्शीच्या कागदावर त्याला रकानाच नव्हता.

"दुसरा काम कौनसा?" मेंबरसाहेब जांभई देत म्हणाले. "कुछ नया बोलो."

मी उठलो. छाती काढली. घोड्याला बोलायचा तो आवाज लावला.

"हुजूर! हमारे गाव कू आड होना!"

मेंबरसाहेब लोडावरून उठून बसले. "क्या होना?"

"आड, हुजूर. औरतां कू भौत तकलीफ."

"औरतां के वास्ते?"

"जी हुजूर, औरतां के वास्तेच. नाले पे जाते. रस्ते में सब लोगां मिलते. गाव की शरम है हुजूर!"

मला म्हणायचं होतं, बायका इतक्या लांब पाण्याला जातात ही गावाला लाज आहे. पण पाणी हा शब्दच मी काढला नाही! आड म्हटल्यावर पाणी वेगळं कशाला सांगायचं? आडात काय ताक असतं?

मेंबरसाहेबांनी मुन्शीकडं बघितलं. मुन्शीनं मान डोलावली. मग एकेक सवाल यायला लागला अन् मी एकेक जवाब द्यायला लागलो, नुसता फडाफडा.

"पत्थर का होना?"

"पत्थर का, हुजूर. चुने में."

"ऊंचा कितना?"

मी म्हटलं, वा! साहेबाला आडाच्या कठड्याचीसुद्धा काळजी आहे. "अच्छा ऊंचा होना हुजूर. बच्चे नई गिरना!"

"किधर होना?"

"नाले की वाट पे. मारुती के पीछे."

मेंबरसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "देखो! इसकू बोलते समझदार गाव. सब पानी-पानी करते, ये इज्जत मांगता. ये सब से ऊपर लिखो!"

समझदार! इज्जत! सब से ऊपर! घरी येताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते. पारावर मी ती हकिकत अकरा वेळा सांगितली. दर वेळी मेंबरसाहेब आणखी थोडे उठून बसले. शेवटच्या वेळी तर त्यांनी मला लोडाशेजारी बसवलं होतं.

रामा शिंपी एवढंच म्हणाला, "पानी-पानी करनाऱ्यांत तू न्हाईस, आसं म्हनला साहेब? मंग मागितलं काय तू?"

"जळतो लेका," मी म्हणालो.

दिवाळी गेली, होळी गेली, अन् खरंच गाड्या आल्या. बारा गाड्या घडीव दगड, चुन्याची पोती, एक मिस्त्री, मजूर. मी मारुतीपुढं नारळ फोडला. गोदा सगळ्या बायकांत पुढं उभी, गुडघ्यावर हात ठेवून. तिच्या तोंडावर तसलं हसू मी लग्नानंतर बघितलं नव्हतं.

मजुरांनी खोदायला घेतलं.

पाटील म्हणाला, "गनपा, आड गोल असतो. ह्यो लांबच लांब काहून खंदून राहिले?"

"सरकारी आड हाय पाटील. सरकारी आड लांब असतो."

कमरेइतकं खोदलं अन् त्यात दगड भरायला लागले.

"आरं, बुजवून राहिले की!"

"तळाला दगड घालत्यात. पानी गाळून येतं."

दगड जमिनीच्या वर आले.

"ह्यो कठडा," मी म्हणालो. कोणी विचारलंही नव्हतं.

कठडा छातीपर्यंत आला, डोक्यापर्यंत आला, हात वर केला तर बोट टेकेना इतका झाला. सरळ. चाळीस पावलं लांब. अख्खं गाव माझ्याकडं बघायला लागलं. मी मिस्त्रीकडं गेलो.

"मिस्त्री, आड किधर है?"

मिस्त्रीनं थापी बाजूला ठेवली. आधी माझ्याकडं बघितलं, मग भिंतीवर दोनदा थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. "तो ये क्या है बाबा? आड!"

मागून रामा शिंप्याचा आवाज आला. शांतपणे बोलला मेला, तेच जास्त लागलं. "उर्दूत आड म्हंजी आडोसा, गनपा. पडदा. ओसरीवर तेच सांगत व्हतो. तू मला बटनं लावाया धाडलं."

हसले का लोक? लोक बसले खाली. पाटलानं पागोटं काढून डोळे पुसले. सगळं गाव मारुतीच्या ओट्यावर लोळत होतं अन् मी सरकारी आडाशेजारी उभा होतो. फक्त गोदा हसली नाही. तिनं घागर उचलली, डोक्यावर ठेवली, अन् त्या नव्याकोऱ्या भिंतीला वळसा घालून नाल्याकडं चालायला लागली. एक पाय टाकत, एक ओढत. ते मला आजही दिसतं. हसण्याचं काही वाटत नाही, ते वाटतं.

अन् तांड्यावर? तांड्यावर सुरुंग उडत होते. पंचवीस हातांवर पाणी लागलं हरजी नाईकाला. गोड, थंड. तांडा आमच्यापेक्षा जवळ, वाट सपाट. पाटलानं फर्मान काढलं, तांड्याचं पाणी आपल्या गावात यायचं नाही, चाल नाही तशी. तीन दिवस टिकलं फर्मान. चौथ्या दिवशी पाटलीणच घागर घेऊन पुढं निघाली.

मी एकदाच गेलो तिकडं. हरजी कठड्यावर बसला होता. म्हणालो, "नाईक, आमच्या बाया येऊन राहिल्या. तुमाला तकलीफ."

"पानी कोनाच्या बापाचं हाय?" हरजी म्हणाला. "येऊ दे." मग माझ्याकडं बघून मिशीत हसला. "गनपतराव, तू लई बोलला रं. मी बोललोच न्हाई."

पुढं एकदा आम्ही गड्यांनी ठरवलं की ती भिंत पाडायची. चांगले घडीव दगड, मारुतीचा ओटा वाढवू. मीच पुढं होतो, डोळ्यांसमोरून जाईल तर बरी. पहारी घेऊन गेलो तर भिंतीपुढं बायका उभ्या. पाटलीण उभी, गोदा उभी, गावातल्या साऱ्या म्हाताऱ्या उभ्या.

"भितीला हात लावायचा न्हाई," पाटलीण म्हणाली.

"काहून?" पाटलानं विचारलं.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवटी गोदा बोलली, तेही माझ्याकडं न बघता. "उजाडायच्या आत उठून लपत-छपत जावं लागायचं बायांना. बांधाआड न्हाई, झाडाआड न्हाई, माळावर झाड हाय कुटं? ह्या भितीनं झाकलं आमाला. मागाया लाज वाटायची म्हून कुनी मागितली न्हाई. तुमच्या हातून एक बरं काम झालं जन्मात. तेबी चुकून."

आम्ही पहारी खांद्यावर टाकून परत आलो. कोणी कोणाकडं बघत नव्हतं. गावात इतकी वर्षं राहिलो. बायकांना काय पाहिजे हे आम्हाला ठाऊक नव्हतं, अन् मी मेंबराला हसत होतो.

मग राज बदललं. त्या साली आमच्याकडं काय काय जळलं अन् कोण कोण गेलं, ते सांगायला मी बसलो नाही. ते आठवलं की चहासुद्धा घशाखाली उतरत नाही. पण बदललं. नवा साहेब आला, तिकडं पुण्याकडचा, शुद्ध तुपातलं बोलणारा. उर्दूचं अक्षर येत नव्हतं त्याला. पारावर खुर्ची टाकून म्हणाला, "बोला मंडळी, तुमच्या गावाला सर्वांत आधी काय हवं आहे? मी वर कळवतो."

दहा-अकरा वर्षं एक शब्द माझ्या तोंडात फिरत होता. झोपेत म्हणायचो मी तो. कोणी तोंड उघडायच्या आत मी उडी मारून उठलो.

"बावली पायजे साहेब! बावली!"

साहेबांनी चष्मा वर केला. "बाहुली?"

"व्हय! पत्थरची! चांगली मोठी, समद्या गावाला पुरंल आशी!"

"दगडाची बाहुली... म्हणजे मूर्ती म्हणता का?" साहेब कारकुनाकडं वळले. "लिहा. मंदिरासाठी मूर्ती."

झालं! पार थरथरायला लागला लोकांच्या हसण्यानं. मी ओरडतोय, "मूर्ती न्हाई, बावली, बावली!" अन् साहेब विचारतायत, "बावळी? कोण बावळी?" कारकून लिहायचा थांबतो, खोडतो, पुन्हा लिहितो. मी कपाळ बडवून घेतलं. पहिल्यांदा साहेब तिकडचा होता तर मी इकडचा शब्द नेला. आता साहेब इकडचा आला तर मी तिकडचा शब्द काढला!

बायकांच्या घोळक्यातून गोदा उठली. एक हात गुडघ्यावर, एक हात पदरावर.

"साहेब, बावळी ती मी," ती म्हणाली. "ह्यांनीच सांगितलं व्हतं समद्यांम्होरं, लई वर्सं झाली. आमाला आड पायजे. पेयाच्या पान्याचा आड. खोल. पानी लागंस्तवर. सुरुंग आना, वाजंत्री अन् फिती मागनं आना."

"आड," साहेब म्हणाले. "हं. लिहा." अन् लिहिलं.

एवढंच होतं ते! एवढंच!

कागद वर जाऊन खाली यायला आणखी तीन वर्षं लागली. नवं राज असलं तरी कागद जुनाच होता. पण आला आड. गोल आला. त्याच सरकारी भिंतीच्या अलीकडं, गावाच्या बाजूला, तीस हात, पाणी काचेसारखं. पहिला पोहरा गोदानं काढावा म्हणून पाटलिणीनं तिच्या हातात दोर दिला. गोदा वाकायला गेली अन् वाकताच येईना. गुडघा तोवर लाकूड झाला होता. तिनं दोर माझ्या हातात दिला अन् भिंतीच्या सावलीत जाऊन टेकली.

तेव्हापासून आमच्या घरचं पाणी मी भरतो. दिवसाला चार खेपा. म्हातारा झालो तरी मीच. लोक काय म्हणतात? लोक म्हणतात, "चालला मेंबर आडावर." ती भिंतीला टेकून बसते अन् तिथून सूचना देते. "दोर पायात यायलाय. नीट बघा. पडलात आत तर सरकारला काय मागू, शिडी? तिला तरी काय म्हनत्यात ते आदी इचारून या."

मी जवाब देत नाही. पाय फाकवून उभा राहतो अन् हात-हात दोर ओढतो. हरजी नाईकाला मेंबराच्या तंबूत जे कळलं होतं, ते मला या वयात कळलं: तोंड मिटून दोर ओढला की पाणी येतं.